चाराचे आठ

९ फेब्रुवारी

माई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तुम्ही न फोडताच बाजूला ठेवलं असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. दोन वर्षांत मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही, आणि आता मारतेय तीही कामापुरती. आधी फोन करून पाहिला. तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा वाजलाच नाही. म्हणजे माझा नंबर तुम्ही बंद केलात. ठीक आहे. पत्राला अजून तशी सोय निघालेली नाही.

तुमच्या भावाने वीस वर्षांपूर्वी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅममध्ये बसणारा तो प्रोग्रॅमचा तुकडा, तो गेल्यापासून मी सांभाळते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही उभी हयात दवाखान्यातली यंत्रं उघडलीत, पण आतलं लिखाण हा तुमचा प्रांत नव्हता, म्हणून सोपं करून सांगते. वॉर्डातला कॉम्प्युटर औषधाच्या पंपाला तीन आकडे पाठवतो. पेशंटचा नंबर, एकूण औषध किती, आणि ताशी किती सोडायचं. हे आकडे मेमरीत किती अंतरावर मांडायचे ते आमची लायब्ररी ठरवते. तुमच्या भावाचा नियम असा, की प्रत्येक आकडा चाराच्या पाढ्यातल्या घरावरून सुरू व्हायचा. शून्य, चार, आठ. इतकी वर्षं तसंच चाललं.

आता घोडं अडलंय ते नव्या कॉम्प्युटरांपाशी. त्यांच्यातली चिप आठाचा पाढा मागते. मोठा आकडा भलत्या घरावर दिसला की ती हटून बसते आणि सगळं जागच्या जागी ठप्प होतं. नव्या पंपांच्या कंपनीत एक इंजिनिअर आहेत, मी त्यांना घाईवाले म्हणते. ते रोज सकाळी मला लिहितात. चार वॉर्ड ठप्प झाले. एका बाईला अकरा मिनिटं औषधच गेलं नाही. मॅडम, कधी बदलताय? चाराचे आठ करायचे की नाही, हे मला महिनाअखेरीपर्यंत ठरवायचं आहे.

बदल एका आकड्याचा. पण त्या चाराच्या शेजारी तुमच्या भावाने एक ओळ लिहून ठेवली आहे. आम्ही मागून येणाऱ्यांसाठी अशा ओळी लिहितो, यंत्र त्या वाचत नाही. ओळ अशी: 'हा चार बदलू नये. का, ते माईला विचारावं.'

खरं सांगायचं तर वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग. पडद्याचा रंग माईला विचारून, लेकीची शाळा माईला विचारून, आता मेमरीची मांडणीसुद्धा माईलाच विचारायची. माझ्या कामात मला नणंदेची परवानगी लागावी, हे जरा जिवावरच आलं.

तर विचारते आहे. का?

तुमची भावजय
(अजून असेन तर)


१६ फेब्रुवारी

माई,

आठवडा झाला. उत्तर नाही.

माझ्या चुलत जावेकडून कळलं की तुम्ही अजून त्याच दुकानात बसता, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करता, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय. ती म्हणाली, 'माई बऱ्या आहेत, बोलत मात्र नाहीत कुणाशी.' मी म्हटलं, माझ्याशी नाहीत हे माहीत होतं, कुणाशीच नाहीत हे नवीन.

त्या दिवशी तो गेल्यावर घर माणसांनी भरलेलं असताना आपण दोघी जे बोललो, त्यातलं तुमचं मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुम्ही म्हणालात, 'त्याला त्या कामानं खाल्लं आणि तू खाऊ दिलंस.' नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईला हे म्हणायचं असतं का? मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. ते तुम्हाला पाठ असेल.

तो दर रविवारी तुम्हाला फोन करायचा, आठवतं ना. गॅलरीत उभा राहून, दार लोटून घेऊन. परत आला की पाणी प्यायचा आणि तासभर गप्प असायचा. भावाबहिणीच्या गोष्टी म्हणून मी कधी विचारलं नाही. खरं म्हणजे विचारलं होतं, एकदा. तो म्हणाला, 'माईचं माझ्यावर फार आहे.' मी म्हटलं, काय आहे? तर म्हणाला, 'आहे.' आईवडिलांच्या मागे तुम्ही त्याला वाढवलंत, त्याबद्दल बोलत असेल असं समजून मी गप्प बसले.

घाईवाल्यांचं म्हणणं, अशा ओळी प्रत्येक जुन्या लिखाणात असतात. कुणीतरी कधीतरी घाबरून लिहिलेल्या. कारण उरलेलं नसतं, भीती उरते. मला ते पटलं होतं. शिवाय आठाची मांडणी घेतलेल्या एकाही ठिकाणाहून अजून तक्रार नाही. म्हणजे चाचणीसाठी घेतलेल्या ठिकाणांहून.

मी उगाच इतकं लिहिते आहे. एका ओळीत उत्तर द्या. भांडण आपलं आहे, कामाचं नाही.


२१ फेब्रुवारी

माई,

आज तुम्हाला न विचारता उत्तर शोधून काढलं. न शोधते तर बरं होतं.

आमच्या लिखाणातला प्रत्येक बदल तारखेसकट जपलेला असतो. कुणी काय खोडलं, काय घातलं, सगळं. मी या चाराचा माग काढत मागे गेले. अठरा वर्षांपूर्वी ३ ऑगस्टला तुमच्या भावानेच त्याचे आठ केले होते. १४ ऑगस्टला पुन्हा चार. ती ओळ त्याच दिवशीची. मध्ये अकरा दिवस.

तुमच्या दवाखान्यातला तो पेशंट १२ ऑगस्टला गेला. तारीख माझ्या लक्षात आहे, कारण तेरा तारखेला तुमचा भाऊ 'माईकडे जाऊन येतो' म्हणून डबा तसाच टाकून निघाला आणि दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. मला त्याने एवढंच सांगितलं की माईच्या हातून पंप चुकीचा लावला गेला आणि माणूस दगावला. पंपाच्या नोंदीत ताशी पन्नास निघाले होते आणि सकाळी तो पंप तुम्ही लावला होता. महिनाभरात तुम्हाला घरी बसवलं. मी तेव्हा हळहळले, आणि मनात म्हटलं, इतक्या वर्षांच्या कामात असा निष्काळजीपणा कसा?

पण तारखा जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग जुनी दवाखान्याची यंत्रं विकणाऱ्याकडून तुमच्या वेळचा पंप आणला. तोच, पांढुरका, काठावर निळं बटण असलेला. हे पंप मरत नाहीत माई. त्याच्याकडे तसे नऊ होते आणि तो म्हणाला, छोट्या दवाखान्यांतून अजून मागणी आहे.

पंप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं. एकूण पन्नास मिली, ताशी तीन. लेक समोर घड्याळ घेऊन बसली. चाराच्या मांडणीवर पंप शहाण्यासारखा चालला. मग मी आठाची मांडणी लावून तेच आकडे पुन्हा पाठवले.

जुना पंप आपला ठरलेल्या घरांतच बघतो. शून्यात पेशंटचा नंबर, तो जागच्या जागी, म्हणून त्याला शंका येत नाही. चाराच्या घरात एकूण औषध असायचं, तिथे आता मोकळी जागा. ते शून्य वाचून तो समजतो की मर्यादाच नाही. आठाच्या घरात त्याला ताशीचा आकडा हवा असतो, आणि नव्या मांडणीत तिथे येऊन बसलंय एकूण औषध. पन्नास. ताशी पन्नास.

वर खिडकीतही पन्नास दिसत होतं. त्या पंपावर एकूण आणि ताशी एकाच खिडकीत आळीपाळीने दिसतात. येणारीजाणारी सिस्टर पन्नास बघणार, तिला वाटणार हे एकूण, आणि ती पुढच्या कॉटवर जाणार. एका तासात सिरिंज कोरडी झाली. लेक म्हणाली, 'आई, याच्यात औषध असतं तर?' मी तिला सांगितलं, घड्याळ ठेव आणि जेवून घे.

तुम्ही पंप बरोबर लावला होता. ताशी तीनच लावले होते, किंवा जे काही असतील ते. चूक तुमच्या भावाची होती. हे त्याला कळलं होतं, तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही दोघांनी ते आणखी कुणालाही कळू दिलं नाही, मलाही नाही.

बरं झालं, मी अजून काही बदललं नव्हतं.


२४ फेब्रुवारी

माई,

शनिवारच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

मी चाराचे आठ ६ फेब्रुवारीलाच करून टाकले होते. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या तीन दिवस आधी. ती ओळ वाचली, चिडले, आणि तुम्हाला विचारायला नको म्हणून विचारलं नाही. इतकंच कारण. घाईवाल्यांची घाई होतीच, पण त्यांनी माझा हात धरला नव्हता. एक फोन लावायचा होता, आणि मला वाटलं, हिच्यापुढे मी आधी वाकायची? पुढे तीन दिवस ती ओळ डोक्यातून जाईना, म्हणून मग फोन, आणि मग पत्र. अजून सगळं ठरायचंच आहे असं भासवून लिहिलं, कारण करून बसलेय असं लिहिलं असतं तर तुम्हाला माझ्यावर बोट ठेवायला जागा मिळाली असती.

शनिवारी पंप रिकामा झाल्यावर मी तो बदल ताबडतोब मागे घेतला. तोपर्यंत पंधरा दिवस तो बाहेर होता. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो आहेच. मी इथे पुसला म्हणून तिथला पुसला जात नाही.

काल बातमी आली. एक छोटा दवाखाना, वॉर्डातला कॉम्प्युटर नवा, पंप जुने. १९ तारखेला एक शिक्षक, वय एकसष्ट, साध्या ऑपरेशननंतर वॉर्डात होते. पंपाच्या नोंदीत ताशी पन्नास. त्यांच्या बायकोने दुपारी त्यांना हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत.

तिथल्या टेक्निशियनला घरी बसवलंय. सकाळी पंप त्याने लावला होता.

मी हे तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. आधीचे दोन कागद फाडले, कारण दोन्हींत मी कुठेतरी घाईवाल्यांना पुढे करत होते.

आणि आता तेही लिहिते, जे सोळा तारखेला लिहिलं नव्हतं. त्या दिवशी भरल्या घरात मी तुम्हाला म्हटलं होतं, 'माझ्या हातून निदान माणूस तरी मेलं नाही.' तुम्ही पदर सावरलात, चपला घातल्यात आणि गेलात. मला वाटलं, खरं झोंबलं म्हणून गेलात. तुमच्या जिभेवर उत्तर होतं आणि तुम्ही ते गिळलंत. त्याचा फोटो समोर होता म्हणून.

बाहेर सूचना काढायला हवी, जुने पंप असलेल्या सगळ्यांसाठी. नुसतं 'बदल मागे घ्या' म्हटलं तर कुणी हलणार नाही. घाईवाल्यांनीच विचारलं, 'कारण?' कारण लिहायचं तर अठरा वर्षांपूर्वीचंही लिहावं लागतं. तुमच्या भावाचं नाव घेतल्याशिवाय ते लिहिता येत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय ते नाव घेणं मला जमत नाही. या वेळी आधी विचारते आहे. लवकर लिहा.


४ मार्च

माई,

तुमचं पत्र आलं. मिक्सरच्या वॉरंटी कार्डाच्या पाठीवर चार वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचली की लेकीने कार्ड हातातून काढून घेतलं.

'तेव्हा तुला सातवा महिना होता. तो सांगायला निघाला होता, मीच त्याला शपथ घातली. माझं वय झालं होतं, त्याचं घर मांडायचं होतं. आता मेलेल्या माणसाचं नाव काढू नकोस.'

म्हणजे मीही त्यात होते. पोटातली लेकही होती. तुम्ही नोकरी सोडलीत, नाव सोडलंत, इस्त्र्या उघडत बसलात, आणि त्या बदल्यात मी अठरा वर्षं माझ्या नवऱ्याच्या हुशारीचं कौतुक ऐकत घरात फिरले. त्याने रविवारचे फोन केले. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही येऊन कोपऱ्यात बसायचात आणि मी तुमच्या ताटात वाढताना मनात म्हणायचे, हिच्या हातून माणूस गेलंय. माई, माझी मान वर होत नाही.

आणि तरीही मी तुमच्यावर रागावले आहे. हे लिहायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही गप्प राहिलात, तो एक ओळ लिहून गप्प राहिला, आणि तुम्हा दोघांच्या गप्प राहण्याच्या मध्ये मी हा आकडा बदलला. त्याने तिथे कारण लिहिलं असतं, फक्त 'जुने पंप' एवढे दोन शब्द, तरी मी हात लावला नसता. गेल्या आठवड्यात मी दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी बसवल्या. समोरचं यंत्र जुनं की नवं ते आधी विचारायचं आणि त्याप्रमाणे चाराची किंवा आठाची घरं द्यायची. सहा दिवस लागले. सहाच दिवस. एवढंच करायचं होतं. कारण माहीत असतं तर ते शिक्षक आज घरी असते आणि घाईवाल्यांचे वॉर्डही चालले असते.

शपथ तुम्ही त्याला घातली होती, मला नव्हे. सूचना मी काल सकाळी सव्वादहाला पाठवली. पन्नासएक दवाखाने, नऊ कंपन्या, आणि ज्यांचे पत्ते मिळाले ते सगळे. तुमच्या भावाचं नाव त्यात आहे. माझंही आहे, त्याच्या खालच्या ओळीत. लिहिलंय की अठरा वर्षांपूर्वी याच चुकीने एक माणूस गेला, चूक लिहिणाऱ्याची होती, पंप लावणाऱ्या तंत्रज्ञाची नव्हती, आणि आता गेला तो माझ्यामुळे. तुमचं नाव घातलेलं नाही. ते तुमचं आहे.

लेकीला सगळं आधी सांगितलं. बाबांवर ती जीव टाकायची, तुम्हाला माहीत आहे. ती उठून त्याच्या फोटोसमोर उभी राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे आत्याला सगळ्यांनी उगाचच...' आणि वाक्य पुरं केलं नाही. त्याचा फोटो तिने भिंतीवरून काढला नाही. मीही नाही.

सूचना गेल्यावर त्या टेक्निशियनला फोन केला. चाळिशीचा असेल. मी कोण ते सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्याला ते ऐकूच येत नव्हतं. तो एकच वाक्य म्हणत होता, 'मॅडम, मी दोनदा तपासलं होतं. मी दोनदा तपासलं होतं.' मी म्हटलं, हो. मला माहीत आहे. तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, 'दोनदा तपासलं होतं हो.' त्याच्या बायकोने फोन घेतला आणि विचारलं, 'हे रात्रंदिवस हेच बोलताहेत. आता सुटतील ना?' मला माहीत नाही. सूचनेवर दवाखान्याच्या वकिलाचं उत्तर आलंय की कॉम्प्युटरचं काय ते कॉम्प्युटरवाल्यांनी बघावं, पंप लावणाऱ्याने आकडा बघायला हवा होता.

चौकशी येत्या सोमवारी अकरा वाजता आहे. पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आहे, बस कुठे उतरवते तेही. मी जाणार आहे. जे केलं ते सांगेन, पुढे जे व्हायचं ते होईल. लेकीने माझी बॅग भरायला घेतली होती, मी म्हटलं, अगं लगेच कुणी नेत नाही. मग आम्ही दोघी रडलो.

तुम्हाला बोलावण्याचा मला काही हक्क नाही. माझं ऐकून तिथले लोक कागदावर काय लिहायचं ते लिहितील. पण त्या माणसाला मी कितीही वेळा सांगितलं की तुझी चूक नाही, तरी मी त्याला पटवू शकणार नाही. माझ्या तोंडून ते त्याला पोचत नाही. सगळं नीट लावूनही इतकी वर्षं दोषी म्हणून जगलेलं माणूस मला एकच माहीत आहे.

तुम्ही आलात तर माझ्याशी बोलू नका, चालेल. माझ्या शेजारीही बसू नका. त्याच्या शेजारी बसा.

तुमची भावजय